चार जणांचा एक तंबू की तिघांचे दोन? ताई-दाजींच्या टेंट खरेदीचं सगळं प्रकरण

आमचे दाजी नाशकात सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहेत, म्हणजे कारखान्यात साचे नि मशीनचे पार्ट बनवतात तिथे, राहायला सिडकोत. घरात ते, ताई, नववीतला भाचा, तिसरीतली भाची आणि नाना, म्हणजे दाजींचे वडील. नाना कॅम्पिंगला येणार नव्हते, फक्त सल्ला देणार होते. दिवाळी झाल्यावर दाजींच्या डोक्यात आलं की आता स्वतःचा टेंट घ्यायचा, दर वेळी भाड्याचे तंबू आणि त्यातल्या कुबट गाद्या नकोत. बजेट दहा हजार, त्यातच खालची ताडपत्री, चटया, दोऱ्या सगळं बसवायचं. मला म्हणाले, तू डोंगरात फिरतोस ना, एक साधा दणकट टेंट सांगून टाक, चार जणांचा, विषय संपला.

विषय काही संपला नाही, फेब्रुवारी उजाडला. हाच प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि फोनवर ते सगळं सांगणं होत नाही, म्हणून कशावरून वाद झाले, काय मोजलं, शेवटी काय घेतलं आणि मे महिन्यात भंडारदऱ्याला त्याचं काय झालं ते एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

जायचं कुठे ते आधी

मी सुरुवातीला टेंटचं नावच काढू दिलं नाही. म्हटलं दाजी, वर्षभरात कुठे कुठे जाणार ते सांगा. तर यादी अशी निघाली: गिरणाऱ्याला त्यांच्या मित्राचा द्राक्षाचा मळा आहे, तिथे थंडीत एक-दोन मुक्काम. वैतरणेच्या बाजूला कुठेतरी पाण्याजवळ. मे अखेर नाहीतर जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला, ही भाचीची फर्माईश. आणि भाच्याला साल्हेर, कारण महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, हे त्याने कुठेतरी वाचलेलं. साल्हेरबद्दल मी सांगितलं की वर गुहा आहेत, आणि २०२५ साली किल्ला जागतिक वारसा यादीत गेलाय, त्यामुळे वर तंबू ठोकायचा विचार करण्याआधी नियम विचारून घ्यायचे, नाहीतर पायथ्याच्या गावात मुक्काम करून पहाटे चढायचं. म्हणजे टेंट पाठीवर घेऊन लांब चालायचं काम जवळजवळ नाहीच. वजनाचा प्रश्न त्यामुळे मागे पडला, आणि हलका टेंट महाग असतो, तो खर्चही वाचला.

ताईने एक गोष्ट पहिल्याच दिवशी जाहीर केली की जुलै-ऑगस्टमध्ये मी टेंटमध्ये झोपणार नाही, तुम्ही कितीही भारी घ्या. यामुळे निम्मं काम सोपं झालं. आपल्याकडे पावसाचं गणित कसंय बघा, इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या पुढे पडतो आणि तिथून नाशकात आलात की त्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. इगतपुरीच्या जुलैसाठी टेंट घ्यायचा तर तो वेगळाच प्रकार आणि वेगळंच बजेट. तो प्रश्नच नको.

मग उरलं काय, तर थंडीतलं दव, एप्रिल-मे मधलं ऊन आणि मे-जूनचा वळीव. यातला वळीव सगळ्यात बेभरवशाचा. पाऊस अर्धा तासच येतो पण त्याच्या आधी जो वारा सुटतो ना, पत्रे उडवणारा, तंबूचं वाटोळं करतो तो वारा. पाण्याने भिजलं तर माणूस सकाळी वाळतो, रात्री नऊ वाजता तंबू मोडला तर दोन पोरांना घेऊन गाडीत बसून रात्र काढावी लागते.

एक पर्याय मी हेही सांगितलं की घेऊच नका. भंडारदऱ्याच्या आजूबाजूच्या गावांतली पोरं टेंट, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे असं पॅकेज देतात, गावाला चार पैसे मिळतात, आपल्याला काही उचलावं लागत नाही. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने खरंच विकत घेऊ नये, कपाटावर जागा अडवण्यापलीकडे काही होत नाही. पण दाजींची यादी चार-पाच मुक्कामांची होती आणि मळ्यावर भाड्याचा टेंट कोण आणून देणार. तेव्हा घ्यायचं ठरलं.

कोण कोण रांगेत होतं

दाजींनी मोबाईलमध्ये एक रील सेव्ह करून ठेवलेली. आठ जणांचा ऑटोमॅटिक टेंट, मधली दोरी ओढली की छत्रीसारखा उघडतो, आत माणूस उभा राहतो, खिडक्या बिडक्या. किंमत नऊ हजारांच्या घरात. दुसरा होता एका कापडाचा, चार जणांचा, दोन हजारांच्या आत, त्यावर 'वॉटरप्रूफ' असं मोठ्या अक्षरात. तिसरा नानांचा, त्याचं पुढे सांगतो. चौथा नेहमीचा डोम, चार जणांचा, दोन कापडांचा म्हणजे आत जाळीचा तंबू आणि वरून वेगळं कव्हर, सात हजारांच्या आसपास. पाचवा पर्याय मी घुसवला, तोच डोम पण तीन जणांच्या मापाचा, आणि असे दोन.

नानांचं म्हणणं होतं की हे असले पातळ कापडाचे तंबू म्हणजे खेळणी, टेंट घ्यायचा तर कॅनव्हासचा. २०१५ च्या कुंभमेळ्यात तपोवनात साधुग्राम उभं राहिलं होतं ते नानांनी रोज जाऊन बघितलेलं, त्यामुळे नाशिककराला तंबू शिकवू नये असं त्यांचं मत. आणि नाना चुकीचं बोलत नव्हते, म्हणून मला उत्तर द्यायला जड गेलं. सुती कॅनव्हास ओला झाला की धागे फुगतात आणि विणीतली भोकं आपोआप बंद होतात, कापड श्वास घेतं त्यामुळे आत घुसमटत नाही, उन्हात वर्षानुवर्षं टिकतं. फक्त चार जणांचा कॅनव्हास तंबू त्याच्या बांबू नाहीतर पाइपांसकट वीस-पंचवीस किलोच्या पुढे जातो, वॅगनआरच्या डिकीत दुसरं काही बसत नाही, आणि ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरून कुजतो. सिडकोतल्या दोन खोल्यांत तो वाळवायचा कुठे? कायम एका जागी लावून ठेवायचा असेल, मळ्यावर वगैरे, तर मी आजही कॅनव्हासच सांगेन. नानांना हे अर्धंच पटलं.

गच्चीवर खडूने आखलं

डब्यावर 'चार जण' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय, हे दाजींना तोंडी सांगून उपयोग नव्हता. टूलरूमचा माणूस, माप बघितल्याशिवाय ऐकत नाही. मग गच्चीवर खडूने चौकोन आखला, २४० बाय २१० सेंटिमीटर, चार जणांच्या साध्या डोमचं हेच माप असतं साधारण. माणशी ६० सेंटिमीटर आलं. त्यात चौघांना झोपवलं, ताईची गोधडी, पोरांची पांघरुणं, दोन पिशव्या. भाच्याचा पाय रेषेच्या बाहेर. आणि ही रेष म्हणजे जमीन, डोमची भिंत तर आत झुकलेली असते, त्यामुळे पाय नुसता बाहेर जात नाही, तो भिंतीला टेकतो, आणि आतलं कापड बाहेरच्याला टेकलं की दव सरळ आत. पोरगा नववीत आहे, अजून वाढणार.

मग शेजारी १८० बाय २१० चे दोन चौकोन आखले, तीन जणांचे. एकात ताई आणि भाची, एकात दाजी आणि भाचा. माणशी ९० सेंटिमीटर आणि पायाशी पिशवी ठेवायला जागा. ताई त्यात आडवी पडली आणि म्हणाली की आता झोप लागेल असं वाटतंय. माझा साधा नियम असा की डब्यावरच्या आकड्यातून एक वजा करायचा, आणि घरातलं कुणी रात्री लोळत असेल तर दोन.

मोडणार कसं ते बघायचं

इथे माझं आणि दाजींचं जुळलं. दुकानात सगळे टेंट छानच दिसतात, लावून ठेवलेले, एसीत, वारा नाही काही नाही. माझं म्हणणं होतं की प्रत्येक पर्यायाचा कुठला पार्ट आधी जाईल, आणि तो गेला तर अंधारात, गावापासून लांब, आपल्या हाताने तात्पुरता नीट होईल का, एवढंच विचारायचं. दाजी म्हणाले अरे हे तर आम्ही रोज करतो, मशीनचा कुठला पार्ट मरेल त्याचा स्पेअर आधी बनवून ठेवायचा.

या कसोटीला छत्रीवाला पहिल्याच फेरीत बाद. त्याच्या मध्यावर जो प्लास्टिकचा हब असतो, सगळे पोल जिथे येऊन मिळतात, तो तडकला की अख्खा टेंट खाली. तसा हब नाशकात मिळणार नाही, घरी बनणार नाही आणि रात्री दोरीने बांधताही येणार नाही. शिवाय उंची. माणूस उभा राहील एवढा उंच म्हणजे वाऱ्याला तेवढी मोठी भिंत, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० झाला की जोर दुप्पट नाही, चौपट. दाजींना रीलचं वाईट वाटलं थोडं. आता कुणी म्हणेल ऑटोमॅटिक सगळे वाईट, तसं नाही, मळ्यावर झाडांच्या आडोशाला एका रात्रीसाठी मस्त, पण दणकट हवा असं तुम्हीच म्हणालात ना.

डोममध्ये काय असतं, दोन लांब पोल, तंबूच्या डोक्यावर एकमेकांना छेद देतात, बस्स. हलते पार्ट नाहीत. एक पोल तडकला तर दुसऱ्यावर निम्मा उभा राहतो आणि तडकलेल्या जागेवर पाइपचा तुकडा चढवून टेप मारली की रात्र निघते. खुंट्या न ठोकताही उभा राहतो म्हणून आधी उभा करून मग जागा बदलता येते, आतला कचरा झटकायला उचलून उलटा करता येतो. बोगद्यासारखे जे लांबट टेंट असतात ते आतून ऐसपैस, पण खुंटी पक्की बसली तरच उभे राहतात, आणि आपल्या काळ्या कातळावर खुंटी बसायची बोंब. म्हणून ते बघितलेच नाहीत.

पोल फायबरग्लासचे की ॲल्युमिनियमचे यावर एक अख्खा रविवार गेला. फायबरग्लास स्वस्त, पण जड, आणि मोडताना उभा चिरतो, त्याचे कुसळासारखे बारीक तुकडे हातात घुसतात. ॲल्युमिनियम, चांगला असेल तर ७००१ किंवा ७०७५ ग्रेडचा, हलका आणि मोडण्याआधी वाकतो, म्हणजे इशारा देतो. पैसे असते तर मी डोळे झाकून ॲल्युमिनियम सांगितला असता. बजेटमध्ये दोन टेंट बसवायचे तर फायबरग्लासच, मग निदान जाड घ्यायचा. दाजी दुकानात खिशात व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं बारीक माप, घेऊन गेले, खरंच. दुकानातल्या पोराने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. एकाचा पोल ८ मिमी निघाला, दुसऱ्याचा ९.५. दाजींनी तिथेच हिशोब सांगितला की कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, आतली पोकळी त्याच प्रमाणात धरली तर दीड मिलिमीटरने जवळपास दुप्पट फरक पडतो. वजनात फरक थोडका, किंमतीत तीनशे-चारशे रुपये. ९.५ वाला घेतला.

कापडाचं थोडक्यात. पाणी अडवायची ताकद मिलिमीटरमध्ये लिहितात, १५०० मिमी म्हणजे त्या कापडावर दीड मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी झिरपणार नाही. आपल्या वळवाला वरचं कव्हर १५०० ते २००० पुरतं, त्याहून मोठा आकडा बघून जास्त पैसे देऊ नयेत. तळाला मात्र जास्त हवं, कारण तिथे पाऊस पडत नाही पण आपण गुडघा टेकतो, कोपर टेकतो, आणि तेवढ्या छोट्या जागेवरचा दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त. आम्ही घेतलेल्याचा तळ ३००० चा. शिवणीवर आतून टेप मारलेली आहे का हे टॉर्च लावून बघायचं, कापड कितीही भारी असलं तरी पाणी सुईच्या भोकातून येतं. नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर घेतलं, कारण नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, मग रात्री उठून दोऱ्या ताणा, आणि उन्हातही पॉलिएस्टर जरा जास्त तग धरतं.

आणि एका कापडाचा का नाही? लोक सांगतात ना की पाऊस नव्हता तरी रात्री टेंट गळला, तो गळत नसतो. एक माणूस झोपेत श्वासातून आणि घामातून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. चार जण म्हणजे एक लिटर. थंडीत ते गार कापडावर जमतं आणि पहाटे तोंडावर टपटपतं. दोन कापडं असली की वाफ आतल्या जाळीतून निघून बाहेरच्या कव्हरवर जमते आणि कव्हरवरूनच खाली ओघळते. फक्त दोन्हीच्या मध्ये हवा खेळती हवी, वरच्या झडपा उघड्या ठेवायच्या. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करून झोपलात की पुन्हा तेच.

यावरून आठवलं, ताईने विचारलं होतं की डिसेंबरात गारठा असतो, निफाडला तर विचारूच नका, मग आत छोटी कोळशाची शेगडी ठेवली तर? नाही. कधीच नाही, विझत आलेली पण नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. एक ब्लँकेट जास्त घ्या, अंगाखालची चटई जाड घ्या, थंडी जमिनीतूनच जास्त येते.

ताईचा मुद्दा

दोन टेंटचा निर्णय होत आला आणि ताई म्हणाली, हे सगळं ठीके रे, पण त्यात मी उभी राहू शकत नाही. आतली उंची १२० सेंटिमीटर. कपडे बदलायचे कसे, बसून? आणि रात्री पोरीला बाथरूमला न्यायचं तर रांगत बाहेर यायचं? दाजी आणि मी दोघं गप्प. आम्ही पोलचा चौथा घात काढत बसलो आणि हे कुणी विचारलंच नव्हतं. याला उत्तर असं नाहीचे, बुटका टेंट वारा झेलतो ते त्याच्या बुटकेपणामुळेच. शेवटी तडजोड म्हणून जुन्या चादरीला कड्या लावून दोन झाडांमध्ये किंवा गाडीच्या दाराला अडकवायचा आडोसा केला, ताईने तो स्वतः शिवला. तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही, तिने चालवून घेतलं.

दुसरी शंका, मुलं वेगळ्या टेंटमध्ये नकोत. ती सोपी होती, प्रत्येक टेंटमध्ये एक मोठं माणूस आणि दोन्ही दारं समोरासमोर, मध्ये दोन पावलांचं अंतर. दोन घेण्याचा एक फायदा तेव्हा माझ्याही नीट लक्षात आला नव्हता तो दाजींनी सांगितला, दोन्ही सेम मॉडेल म्हणजे सगळे पार्ट एकमेकांना चालतात, आणि भाचा एकटा मित्रांबरोबर गेला तर एकच न्यायचा.

खुंट्या आणि दोऱ्या

टेंटबरोबर ज्या तारेच्या बारीक खुंट्या येतात त्या बहुतेक फेकायच्याच लायकीच्या असतात, एका दगडात वाकतात. दाजींनी ८ मिमीच्या सळईच्या एक फुटी खुंट्या स्वतः केल्या, एका टोकाला आकडा, दुसऱ्याला टोक. वजन वाढलं, पण डिकीतच ठेवायच्या आहेत. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं, मग दोरीचा ताण तिला उपटत नाही. मऊ मातीत, मळ्यात वगैरे, पूर्ण आत जाऊ द्यायची.

पण कातळावर काय? तिथे खुंटीचा नाद सोडायचा. दोरीला लांब फास करून तो एका नारळाएवढ्या दगडाभोवती टाकायचा, आणि त्या दगडाच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर चांगला मोठा धोंडा ठेवायचा. दोरी ताणली की छोटा दगड मोठ्याला जाऊन अडतो. नुसती मोठ्या धोंड्याला दोरी बांधली की कातळाच्या धारेवर घासून तुटते, या पद्धतीत घासत कमी आणि ताण कमी-जास्त करणंही सोपं. ज्या दोऱ्या लोक पिशवीतून बाहेरच काढत नाहीत, त्या चार ताणाच्या दोऱ्याच वाऱ्यात टेंट वाचवतात. दोऱ्या न लावलेला महागडा टेंट आणि दोऱ्या लावलेला साधा टेंट यात मी दुसऱ्यात झोपेन.

दोन टेंट आठ हजारांत आले, ताडपत्री, जादा दोरी, टेप आणि चार चटया धरून दहा हजारांच्या जरा वर गेलं. आधी गच्चीवर लावून बघितले, नळाच्या पाइपने पाणी मारलं, भाचीने त्यात जास्तच मन लावलं. मग गिरणाऱ्याला एक मुक्काम, थंडी भरपूर, वारा नाही, सकाळी कव्हर आतून चिंब आणि आतली माणसं कोरडी. म्हणजे हवं तसं.

भंडारदरा, मे अखेर

घोटीवरून गेलो, मीपण होतो बरोबर. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, मनात येईल तिथे तंबू टाकता येत नाही, म्हणून गावातल्या एकाच्या शेतात पैसे देऊन जागा घेतली. जागा बघताना दाजी बांधाखालच्या सपाट, मऊ जागेवर खूश होते. मी वरची जरा खडकाळ घ्यायला लावली, सपाट आणि मऊ जागा बऱ्याचदा त्यामुळेच मऊ असते की पाणी तिथे येऊन साचतं. टेंटवर येणारं मोठं झाड नको, वाळकी फांदी नको, आग्या मोहोळ नाही ना तेही वर बघून घ्यायचं.

दुपारी चारला लावले ते चुकलं असं म्हणता येईल, कारण मे मधल्या उन्हात बंद टेंट म्हणजे भट्टी, संध्याकाळपर्यंत आत कुणाला बसवेना. काजवे मात्र दिसले, हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर, अख्खं झाड एका तालात उघडझाप करतं. गाड्यांचे लाईट बंद ठेवा म्हणून गावातली पोरं ओरडत होती तरी लोक टॉर्च मारतच होते, असो.

साडेदहाला वारा सुटला. पाच मिनिटांत एवढा की बोललेलं ऐकू येईना. दोन्ही टेंट वाऱ्याकडून आत दबले, पोल चांगलेच वाकले आणि परत उभे राहिले, पुन्हा दबले. एका कोपऱ्यातली खुंटी निघाली, दाजींनी तिथे धोंड्याची पद्धत लावली, टॉर्च तोंडात धरून. मग पाऊस, पाऊण तास. ताईचा टेंट कोरडा. दाजी आणि भाच्याच्या टेंटमध्ये तळातून पाणी.

तळ ३००० चा, शिवण टेप केलेली, मग पाणी कुठून? सकाळी बघितलं तर खाली अंथरलेली ताडपत्री एका बाजूने वीतभर बाहेर डोकावत होती. कव्हरवरून ओघळलेलं पाणी त्या पट्टीवर पडून सरळ ताडपत्री आणि तळ यांच्या मध्ये गेलं, तिथे त्याचं डबकं झालं आणि रात्रभर दोन माणसं त्यावर झोपून दाब देत होती. ताडपत्री मोठी असली की चांगली असं सगळ्यांना वाटतं, टेंटखाली ती तळापेक्षा चहूबाजूंनी चार बोटं लहानच हवी, नाहीतर दुमडून आत घ्यायची. दाजींनी घरी येऊन दोन्ही कापल्या.

निघताना आणखी एक नुकसान झालं. भाच्याने पोल तंबूच्या कापडी बाहीतून ओढून काढला. पोल आतून एका लवचिक दोरीने जोडलेले असतात, ओढलं की सांधे सुटतात आणि टोकं कापडात अडकतात, म्हणून ढकलत काढायचा असतो. एका सांध्याजवळ फायबरग्लास दोन इंच उभा चिरला. तेवढ्या भागावर दाजींनी आठवड्याभरात ॲल्युमिनियमची नळी लेथवर टर्न करून आणली, आतला व्यास पोलपेक्षा केसभर जास्त, आणि दोन जादा करून खुंट्यांच्या पिशवीत टाकल्या. त्या पोलवर आता पूर्ण भरवसा आहे त्यांचा, जास्तच आहे.

आता टेंट वाळवल्याशिवाय पिशवीत जात नाहीत, सिडकोच्या गच्चीवर दोन दिवस उलटेसुलटे पसरलेले असतात. ओले ठेवले की कापडाच्या आतला पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर हळूहळू चिकट होतो, आंबट वास मारतो आणि मग तो टेंट वाचत नाही. चेन अडकायला लागली की आधी ब्रशने माती काढायची, तरी दात धरत नसतील तर रनर पकडीने हलकेच दाबायचा, तेही झालं नाही तर बॅग रिपेअरवाला शे-दीडशेत रनर बदलून देतो. खालच्या मजल्यावरच्यांनी एक टेंट उसना मागितला तेव्हा दाजींनी त्यांना अर्धा तास पोल ढकलत कसा काढायचा ते शिकवलं, माणूस कंटाळून भाड्याने घेईन म्हणाला.

दुपारच्या उन्हाचं अजून सुटलेलं नाही. मी म्हणतोय वरून हातभर अंतर सोडून एक सुती कापड ताणा, दाजी कुठलीतरी चंदेरी शीट बघतायत. आणि ताई म्हणते पुढच्या वेळी कोणी काही घ्यायला निघालं की आधी मला आत उभं राहून बघू द्या.